शिवेवरचा श्वास

त्या गठ्ठ्यांमध्ये एक कागद आमचा होता, म्हणून मी ते काम मागून घेतलं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलाखतीत, हा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "याच विषयात तुला रस का?" तेव्हा मी इंग्रजीतून काहीतरी नीटनेटकं उत्तर दिलं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मला हे एक चांगलं जमायला लागलं होतं. खरं सांगायचं नसेल तेव्हा मी इंग्रजीत बोलते. सहसा पुढे कुणी विचारत नाही.

काम होतं सांगलीतल्या एका ट्रस्टच्या रुग्णवाहिकेचं. बाकीच्या गाड्या माणसांना दवाखान्यात आणतात, ही घरी नेते. आता इलाज नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलेली माणसं तिच्यातून आपापल्या गावी जातात. गाडीत एक ड्रायव्हर आणि एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. नातेवाइकासाठी एकच जागा. ब्रदर दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि ऑक्सिजन मोजून कागदावर लिहितो आणि पुढे त्या वेळी आलेल्या गावाचं नाव टाकतो. अशा प्रवासात ऑक्सिजन किती लागतो, धाप कमी करायला काय जवळ ठेवावं, हे आजवर अंदाजाने चाललं होतं. मॅडमना त्याचे नियम आकड्यांवर उभे करायचे होते. माझं काम कागद वाचण्याचं, आकडे संगणकात भरण्याचं. मराठी आकडे वाचताना मी अजूनही क्षणभर थांबते, त्यामुळे चुका कमी होतात, असं मॅडम म्हणायच्या.

माझे वडील याच गाडीने गेले होते. सैन्यातून निवृत्त होऊन गावी शेती बघत होते, मग फुप्फुसं निकामी होत गेली. त्या दिवशी गाडीत आई बसली. मी दवाखान्याचे कागद पुरे करून एसटीने मागून निघाले. आमचं गाव पाटणच्या अलीकडे, कोयनेच्या खोऱ्यात. पोचले तेव्हा ते घरात, खाली घोंगडीवर होते आणि सगळं झालेलं होतं. भावकीतले सगळे एकच सांगत होते, शिवेपर्यंत श्वास होता. आई सांगायची, शिवेवर त्यांनी माझा हात दाबला.

आमच्या खोऱ्यातल्या काही गावांत शिवेला महत्त्व आहे. बाहेर मेलेलं माणूस शिवेच्या आत, घरात घेत नाहीत. शिवेबाहेरच झाडाखाली ठेवतात आणि तिथूनच नदीवर नेतात. श्वास घेऊन शीव ओलांडली तर मात्र आपल्या घरातल्या जमिनीला पाठ टेकते, तोंडात घरचं पाणी पडतं. म्हणून गाडी शिवेवर थांबते. गावची चार माणसं उभी असतात. एक जण विचारतो, श्वास हाय? ब्रदर सांगतो, हाय. मग गाडी आत जाते.

मला एवढंच हवं होतं. ते नेमके कुठे गेले, हे कळायला हवं होतं. आईच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता असं नाही. पण मी तिथे नव्हते, आणि जिथे आपण नव्हतो तिथलं काहीतरी मोजलेलं हाती लागावं असं वाटत होतं.

*

कामाची खोली दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. कागदांवरची नावं काळ्या पट्टीने झाकलेली. वय, गाव, तारीख, आजार तेवढं दिसे. नातलगाचा कागद त्यात असेल तर आधी सांगायचं असतं. मी सांगितलं नाही.

पहिले काही आठवडे काहीच जाणवलं नाही. मग मी आकड्यांच्या रेषा काढायला लागले. प्रत्येक माणसाची एक रेषा, डावीकडे सांगली, उजवीकडे गाव. रेषा सगळ्या वेगळ्या. कुणाची एकदम कोसळणारी, कुणाची हळूहळू उतरणारी, कुणाची थरथरत जाणारी. पण उजव्या टोकाला, गाव जवळ आलं की, बऱ्याच रेषा वर उचलल्या जात आणि एका ठिकाणी येऊन मिळत. ऑक्सिजन सत्त्याण्णव, नाडी चौऱ्याऐंशी. कधी ब्याऐंशी, कधी शहाऐंशी. कर्करोगाची बाई, दम्याचा म्हातारा, मूत्रपिंडं गेलेला तरुण, सगळ्यांना शेवटच्या काही मैलांसाठी जणू एकच काळीज मिळालं होतं.

आणि त्या कागदांमध्ये वाटेत कुणीच गेलेलं नव्हतं.

मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. "घर जवळ आलं की माणूस सावरतो," त्या हळू म्हणाल्या. "वाटेत बोललेलं त्याला कळत असतं. हे कुणीतरी नीट मोजायला हवं होतं." त्याच संध्याकाळी त्यांनी लेखाचा पहिला परिच्छेद लिहिला.

आमचा कागद मला दुसऱ्या गठ्ठ्यात सापडला. पट्टीखालचं नाव मी बोटाने चाचपलं, उगाचच. कराड, एकाहत्तर. सुपने, अडुसष्ट. विहे, चौसष्ट. मल्हारपेठ, सत्त्याण्णव. निसरे, सत्त्याण्णव. शीव, सत्त्याण्णव, नाडी चौऱ्याऐंशी, रुग्ण शांत.

मी बाहेर जाऊन आईला फोन केला. "बाबा सावरले होते गं. मल्हारपेठपासून चांगले होते. कागदावर आहे."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," आई म्हणाली. "जेवलीस का?"

*

मॅडमनी मला गाडीबरोबर पाठवायचं ठरवलं. ब्रदर नेमकं काय करतो ते बघायचं, आणि स्वतःचा वेगळा कागद भरायचा. आम्ही दुपारी बाराला निघालो. जायचं होतं नवारस्त्याच्या आत, डोंगराकडच्या एका गावाला. पेशंट एक आजी. पोटाचा आजार, शुद्ध अधूनमधून. बरोबर तिची सून. ती सासूला आत्ती म्हणत होती आणि तिचे तळपाय चोळत होती.

ड्रायव्हरने मला वर चढताना बघितलं. "ह्या गाडीत बसायला लोकांना लय वाट बघाय लागती मॅडम. तुमी फुकटातच बसलाय."

ब्रदर चाळिशीचा, बारीक, नखं स्वच्छ कापलेला. त्याने माझ्या हातातला कागद वाचला. "मापं घ्यायला आलाय व्हय? घ्या. आमचीबी घ्या."

मी हसले नाही. मला पटकन हसता येत नाही, लोकांना वाटतं राग आलाय.

ड्रायव्हरची एक पद्धत होती. प्रत्येक गाव आलं की तो मागच्या काचेची फट थोडी सरकवून मोठ्याने सांगायचा. "आज्जी, आष्टा आलं बरं का." "आज्जी, पेठ नाका." आजीच्या पापण्या हलायच्या. कराडला तो म्हणाला, "आज्जी, कृष्णा-कोयनेला हात जोडा." आणि आजीचा उजवा हात खरंच थोडासा उचलला गेला. सुनेने तो धरून डाव्या हातावर ठेवला.

कराड, चौऱ्याहत्तर. सुपने, एकोणसत्तर. मी आणि ब्रदर, दोघांनी आपापल्या कागदावर लिहिलं. ऑक्सिजनच्या नळीला जोडलेली पाण्याची बाटली असते, त्यातून वारा बुडबुडत जातो. तो आवाज सतत चालू होता. बाहेर उसाच्या ट्रॉल्या, ऊन, धूळ. सून बसल्याबसल्या पेंगत होती.

विहे मागे पडलं आणि ब्रदर थोडा पुढे वाकला. त्याने दोन बोटं आजीच्या गळ्याला लावली आणि तशीच ठेवली. मग पापणी उचलून बघितली, मिटली. हे सगळं इतकं सावकाश की कुणी कपाळावरची माशी हाकलावी तसं दिसलं. त्याने टॉवेलची लहान घडी केली आणि तिच्या हनुवटीखाली सरकवली. मग हातातल्या अंगठीने काचेवर दोनदा वाजवलं.

टक, टक.

ड्रायव्हरने फट बंद केली.

बाटलीतले बुडबुडे चालूच होते. तोंडावरचा मास्क तसाच होता. पण मघापर्यंत त्याच्या आतल्या बाजूला वाफ धरत होती आणि विरत होती. आता तो स्वच्छ होता. मी त्याकडे बघत राहिले. वाफ धरेल असं वाटत होतं.

ब्रदरने आजीच्या बोटाला लावलेला, नाडी आणि ऑक्सिजन मोजायचा चिमटा काढून हातात घेतला. त्याला जोडलेल्या पडद्यावर दोन आडव्या रेघा आल्या. ब्रदरचा हात चिमट्यासकट पांघरुणाखाली गेला. रेघा क्षणभर तशाच राहिल्या, मग आकडे उगवले. सत्त्याण्णव. चौऱ्याऐंशी.

ते आकडे मी ओळखले. एखादा माणूस गर्दीत ओळखावा तसे. आमच्या कागदावर तेच होते, शेजारच्या कागदावर तेच, गठ्ठ्यांत खाली खालपर्यंत तेच. ज्याची नाडी मी इतके आठवडे भरत होते तो माणूस माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला होता.

गाडीने गती कमी केली. ब्रदर आजीच्या कानाशी वाकला आणि ड्रायव्हरच्याच चालीत म्हणाला, "आज्जी, मल्हारपेठ आलं बरं का."

सून दचकून जागी झाली. तिने पडद्याकडे बघितलं. "आकडा वाढला की ओ."

"घर जवळ आलं की वाढतो," ब्रदर म्हणाला.

ती पुन्हा तळपाय चोळायला लागली. जरा वेळाने म्हणाली, "आत्तींचं पाय गार पडल्यात."

"एसी हाय गाडीत," तो म्हणाला, आणि पांघरूण पायांवर ओढलं.

निसरे आलं. त्याने तेही सांगितलं. ज्या बाईला आता कुठलंच गाव यायचं नव्हतं तिला तो गावं सांगत होता, आणि मी हातात पेन धरून पुढच्या रिकाम्या चौकटीकडे बघत होते.

*

शिवेवर शेंदूर लावलेला दगड आणि चिंचेचं झाड होतं. सावलीत चार-पाच जण उभे. गाडी थांबली, मागचं दार उघडलं. एक काठी टेकत आलेले म्हातारे पुढे झाले.

"श्वास हाय?"

"हाय," ब्रदर म्हणाला. त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला.

म्हाताऱ्यांनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. "ह्या कोण?"

"सांगलीच्या डॉक्टरीणबाई. अभ्यासाला आल्यात."

मी डॉक्टर नव्हते. ते सांगायलाही तोंड उघडलं नाही.

"मग त्यांनी सांगू दे. तू दर खेपंला हायच म्हणतोस गड्या." मागे कुणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. "बाई, तुमी सांगा. श्वास हाय?"

सुनेचा हात सासूच्या हातात होता. ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलेलं होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चिंचेखालच्या जमिनीवर मात्र कुणीतरी आधीच पाणी मारून, झाडून ठेवलं होतं. तेवढी जागा ओली, गडद दिसत होती. तिच्या आकारावरून ती कशासाठी ते कळत होतं.

मी घरात, दारात, कुठेही 'आहे' म्हणते. शाळेत जीभ तशीच वळली. पण त्या वेळी माझ्या तोंडून जे आलं ते माझ्या वडिलांच्या आवाजासारखं होतं.

"हाय," मी म्हणाले.

म्हातारे बाजूला झाले.

*

परतताना स्ट्रेचर रिकामं होतं. त्यावर डोक्याच्या जागी खळगा तसाच राहिला होता.

"काय लिवलं?" ब्रदरने विचारलं.

"अजून काही नाही."

"मी सत्त्याण्णव लिवतो."

"ते तुमचे आहेत."

"व्हय." त्याने बोट वर करून बघितलं. "नवीन हुतो तवा खरं बोललो एकदा. एक म्हातारा हुता. शिवेबाहेर उन्हात ठिवला, पाव्हणं येईपर्यंत. त्याच्या दोन लेकी तोंडावर पदर धरून उभ्या, आळीपाळीनं. घर तिथनं दिसत हुतं मॅडम. दाराला तोरण दिसत हुतं. तवापासनं माझं बोट लावतो. लबाडी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा."

पुढून ड्रायव्हर म्हणाला, "मी लबाडी करत न्हाई बाबा. काचंवर वाजलं की मी गप."

"का?" मी विचारलं.

"मढ्याला हाक मारायची न्हाई. उठून बसलं तर गाडी कुणी चालवायची?"

दोघंही हसले. मग ड्रायव्हरच सांगू लागला, की परत येताना त्याला सवयीने गावांची नावं तोंडात येतात आणि मग मागे बघावंसं वाटतं, म्हणून तो आरसा वर फिरवून ठेवतो. तो आरसा वर फिरवलेलाच होता. त्यात गाडीचं छत दिसत होतं.

एक निवृत्त फौजी आठवतात का, हे विचारायचं होतं. कराड येईपर्यंत मी ते वाक्य मनात तयार करत होते. विचारलं नाही.

*

मॅडमना सगळं सांगायला मला चार दिवस लागले. शेवटी सांगितलं. सत्त्याण्णव कुणाचे, ते. मी शिवेवर काय म्हणाले, ते. आणि सगळ्यात शेवटी, त्यात माझ्या वडिलांचा कागद आहे, हे.

त्यांनी पडद्यावर आलेख उघडला आणि उजव्या टोकावर बोट ठेवलं. "म्हणजे उजवीकडे आपण जे मोजलं तो एक निरोगी माणूस," त्या म्हणाल्या. "आणि ऑक्सिजन किती लागतो ते यावरून ठरवणार होतो. जे श्वासच घेत नव्हते त्यांच्याही नावावर तो लागला." लेखाचा तो परिच्छेद त्यांनी माझ्यासमोर पुसला. माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. वडिलांचा कागद लपवल्याबद्दल एवढंच म्हणाल्या, "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतंस."

मग काम नव्याने सुरू झालं. प्रत्येक कागद दोघींनी स्वतंत्र वाचायचा, एकमेकींना न विचारता. जिथे आकडे त्या आजारी माणसाचे वाटेनासे होतात तिथे पेन्सिलने रेघ मारायची. त्यापुढचं हिशेबात धरायचं नाही, आणि का धरलं नाही ते अहवालात लिहायचं, माणसाकडे बोट न दाखवता. मॅडम ट्रस्टला वेगळं भेटून आल्या. ब्रदर कामावर आहे. कागदावर आता शेवटी एक चौकट वाढवली आहे, 'मोजता आले नाही'. ती कधीकधी भरलेली असते. शिवेवर काय सांगायचं ते कागदावर येत नाही, आणि ते कुणी त्याला विचारत नाही.

मी दिवसभर रेघा मारायचे. एका माणसाचं जगणं कुठे संपलं ते पेन्सिलने ठरवायचं, आणि पुढचा कागद घ्यायचा. आमचा कागद मॅडमनी काढून घेतला. "हा तू नाही बघायचा." त्यासाठी त्यांनी दुसरं कुणी तरी वाचायला बसवलं. नंतर एकदा विचारलं, "रेघ कुठे पडली ते पाहायचंय?"

मी नको म्हणाले. मला ती दिसत होतीच, चौसष्ट आणि सत्त्याण्णवच्या मधे, विहे आणि मल्हारपेठच्या मधे. पण तो नुसता माझा तर्क होता. तिथे बसलेलं आमचं माणूस एकच होतं, आई, आणि ती वेगळं सांगत होती.

*

वडिलांच्या श्राद्धाला मी आणि आई कराडहून पाटण गाडीने निघालो. सकाळची एसटी, अर्धी रिकामी. आई खिडकीशी बसली. रस्ता सुरू झाला तशी ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायला लागली. मला वाटलं, जप करतेय.

"सुपने," ती म्हणाली. जरा वेळाने, "विहे."

मग गप्प झाली.

मल्हारपेठ आलं. माणसं उतरली, चढली, कंडक्टरने घंटी मारली. आई खिडकीबाहेर बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"पुढचं गाव नाही म्हणालीस," मी म्हणाले.

"पुढं ड्रायव्हर गप झाला हुता." ती माझ्याकडे न बघता बोलली. "पुढची गावं ब्रदरनं सांगितली. काचंवर काहीतरी वाजलं, आणि मग त्यानं."

मी तिच्याकडे वळले. आईशी ब्रदरबद्दल, काचेबद्दल मी कधी बोलले नव्हते.

"तुला कळलं होतं?"

"हात माझ्या हातात हुता की. मला कळणार न्हाई व्हय?"

"मग शिवेवर हात दाबला म्हणून सांगतेस ते?"

"दाबला की," आई म्हणाली. "मी दाबला." थोडा वेळ गाडीच्या काचा खडखडत राहिल्या. "तिथं भावकीतल्यांनी मलाच विचारलं, वैनी, श्वास हाय? सव्वीस वर्षं फौजेत बाहेर काढली माणसानं. आता शेवटालाबी बाहेर ठिवू व्हय? मी म्हणलं, हाय."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, भाजीत मीठ घातल्याचं सांगावं तसं. मग डोकं खिडकीच्या दांडीला टेकवून डोळे मिटले.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. बाहेर ऊस उभा होता, मधे मोकळं रान, मग पुन्हा ऊस. हाच रस्ता आणि हीच बाजू. इथून पुढे ती सगळं कळून त्यांच्या शेजारी बसली होती, हात धरून, आणि कुणीतरी त्यांना गावं सांगत होतं.

निसऱ्याचा फाटा दिसला.

"आई, निसरे आलं," मी म्हणाले.

तिने डोळे उघडले नाहीत. मी तिच्या छातीवरच्या पदराकडे बघत राहिले. गाडीच्या हादऱ्यांत तो हलतोय की श्वासाने, ते कळत नव्हतं. मी तिचा हात धरला. तो गरम होता. तरीही मी बघत राहिले, आणि नवारस्ता आल्यावर पुन्हा, थोडं मोठ्याने, तिला गाव सांगितलं.

"व्हय," आई म्हणाली.